चढत्या वाटेवरची फुले आणि त्यांचे परागवाहक

उत्तराखंडातील गोविंदघाट समुद्रसपाटीपासून साधारण १८०० मीटर उंचीवर आहे आणि हेमकुंडाचे सरोवर सुमारे ४३०० मीटरवर. दोहोंमधली वाट वीस किलोमीटरच्या आसपास भरते. दर हजार मीटर चढाला हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते, असे ढोबळमानाने धरले, तर या वाटेने चढणारा माणूस एक-दोन दिवसांत सोळा अंशांचा फरक पार करतो. सपाट प्रदेशात एवढा फरक गाठायचा, तर उत्तरेकडे हजारो किलोमीटर प्रवास करावा लागेल. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांनी १८०२ मध्ये इक्वेडोरमधील चिंबोराझो पर्वत चढताना उंचीनुसार बदलत जाणाऱ्या वनस्पतींची नोंद केली, त्याला आता दोनशेहून अधिक वर्षे झाली. पण डोंगराच्या एकाच उतारावर अनेक हवामाने एकावर एक कशी रचलेली असतात, हे समजून घेण्यासाठी अभ्यासक आजही त्याच पद्धतीने खालून वर चालत जातात.

याच वाटेवरून फुलांच्या घाटीला (व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला) जाणारे आपण बहुतेक जण फुलांची यादी मनाशी घेऊन जातो. ब्रह्मकमळ दिसले का, निळी खसखस दिसली का, कोब्रा लिली कुठे आहे, असे प्रश्न वाटेवरच्या घांघरिया या मुक्कामाच्या प्रत्येक हॉटेलात संध्याकाळी कानावर पडतात. त्या उत्सुकतेत गैर काहीच नाही. मात्र त्या फुलावर कोण बसले होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. उंचीबरोबर फुलांच्या जाती बदलतात त्याच्या मागे थंडी, बर्फ, माती ही कारणे आहेतच. पण फुलाचा आकार, रंग, ते किती दिवस उमलून राहते आणि बी कसे धरते, या सगळ्यावर तिथे येणाऱ्या कीटकांचा हात असतो. ते कीटक कोणत्या उंचीपर्यंत पोहोचू शकतात, हे एकदा कळले की डोंगरावरची फुले वेगळीच दिसू लागतात.

वाटेच्या खालच्या टप्प्यात, पुलना आणि भ्यूंडार या गावांच्या आसपास, अजून मधमाश्यांचे राज्य असते. आपण जिला सातेरी म्हणतो तीच जात इथेही आहे, आणि गढवालातील जुन्या दगडी घरांच्या भिंतींत तिच्यासाठी मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. बाहेरच्या बाजूने बोटभर भोक आणि आतल्या बाजूने काढता येणारी फळी, एवढीच त्या पेटीची रचना. उंच कड्यांवर हिमालयातील महाकाय मधमाशी आपली उघडी पोळी बांधते. ती आपल्या आग्या माशीची जवळची नातेवाईक असून जगातील सर्वांत मोठी मधमाशी आहे, आणि थंडी वाढली की ती कडे सोडून खालच्या दऱ्यांत उतरते. याच पट्ट्यात वसंतात बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) फुलतो. त्याच्या लालभडक फुलांत मकरंद भरपूर असतो आणि तो घेण्यासाठी शिंजिरांसारखे पक्षीही येतात. थोडक्यात, या उंचीवर फुलाला निवड करायला वाव असतो, कारण पाहुणे अनेक प्रकारचे असतात.

फुलझाडांच्या जातींची संख्या उंचीबरोबर सरळ कमी होत जाते, असा एक सर्वसाधारण समज आहे. हिमालयात तसे घडत नाही. नेपाळमधील वनस्पतींच्या नोंदी उंचीनुसार मांडून जॉन आर्विड ग्रिट्नेस आणि ओले वेटास यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की पायथ्यापासून वर जाताना जातींची संख्या आधी वाढते, १५०० ते २५०० मीटरच्या पट्ट्यात ती सर्वाधिक असते आणि त्यानंतर घटत जाते. यामागे कारणे अनेक आहेत. या पट्ट्यात खालून आलेल्या उष्ण प्रदेशातील वनस्पती आणि वरून उतरलेल्या थंड प्रदेशातील वनस्पती एकत्र येतात. ढगांचा ओलावा टिकतो. उन्हाळ्याची होरपळ आणि हिवाळ्याचे गोठणे यांपैकी कोणतेच टोक फार तीव्र नसते. याच दोघांच्या दुसऱ्या अभ्यासातली गोष्ट मला याहून विचार करायला लावणारी वाटते. फक्त त्या प्रदेशातच आढळणाऱ्या, म्हणजे प्रदेशनिष्ठ, जातींची संख्या मोजली, तेव्हा तिचा उच्चांक ३८०० ते ४२०० मीटरवर आला. एकूण जाती जिथे ओसरू लागतात त्याच्या बऱ्याच वर, म्हणजे जवळपास हेमकुंडाच्या उंचीवर, जगात इतरत्र न सापडणाऱ्या फुलांचे प्रमाण वाढते. उंच शिखरे एकमेकांपासून दऱ्यांनी तोडलेली असतात आणि तिथे अडकून पडलेल्या वनस्पती वेगळ्या वाटेने घडत जातात.

आता याच्या शेजारी मधमाश्यांचा आलेख ठेवून पाहावा. टांझानियातील किलिमांजारोवर झालेल्या अभ्यासात मधमाश्यांच्या जाती उंचीबरोबर कमी होत गेल्या आणि त्याचे मुख्य कारण तापमान निघाले. फुले किती उपलब्ध आहेत, याचा प्रभाव त्यामानाने कमी होता. याचे कारण मधमाशीच्या जगण्यातच आहे. तिला स्वतःचे पोट तर भरायचे असतेच, शिवाय घरटे बांधून पिल्लांसाठी पराग आणि मकरंद साठवायचा असतो. ढगाळ, थंड हवेत दिवसाचे मोजकेच तास उडता येत असेल, तर समोर फुले असूनही तेवढ्या वेळात ही भरपाई होत नाही. म्हणजे अनोख्या, प्रदेशनिष्ठ वनस्पती ज्या उंचीवर सर्वाधिक आहेत, नेमके तिथेच नेहमीच्या अर्थाने परागवाहक म्हणावेत असे कीटक सर्वांत कमी आहेत. या विसंगतीतून उंच डोंगरावरच्या फुलांचे बरेचसे वागणे उलगडते.

घांघरिया साधारण ३०५० मीटरवर आहे. तिथून डावीकडे फुलांच्या घाटीची वाट फुटते आणि सरळ वर हेमकुंडाची. ऑगस्टमध्ये घाटीत शिरले की माणसाच्या उंचीचा गुलाबी-जांभळा रानतेरडा दोन्ही बाजूंनी उभा असतो. आपल्या तेरड्याच्याच गणातला हा हिमालयीन भाऊबंद. इथे सातेरी विरळ झालेली असते आणि तिची जागा बम्बलबीने घेतलेली असते. ही जाडजूड, अंगभर दाट लव असलेली माशी आपल्याकडच्या काळ्या भुंग्यासारखी वाटली, तरी वेगळी आहे. भुंगा लाकूड पोखरून घर करतो, तर बम्बलबी जमिनीतील बिळांत किंवा गवताच्या बुंध्यांशी लहानशी वसाहत थाटते.

एखाद्या झाडापाशी पाऊण तास थांबून पाहिले, तर या दोघांचे कसे जमले आहे ते दिसते. तेरड्याच्या फुलाचा एक भाग पिशवीसारखा फुगलेला असतो आणि त्याच्या मागच्या टोकाला वळलेल्या, शेपटीसारख्या शुंडिकेत मकरंद साठतो. बम्बलबी खालच्या रुंद पाकळ्यांवर उतरते, पंख मिटते आणि पूर्ण शरीरानिशी त्या पिशवीत शिरते. पिशवीच्या तोंडाशी छताला पुंकेसरांची एकत्र जुळलेली टोपी असते. आत जाताना आणि बाहेर येताना माशीची पाठ तिला घासते, आणि ती बाहेर आली की पाठीवर पांढरट परागाचा पट्टा स्पष्ट दिसतो. काही काळाने ही टोपी गळून पडते आणि तिच्या जागी खालची कुक्षी उघडी होते. म्हणजे तेच फूल आधी नर असते आणि मग मादी होते. नव्या फुलावरून जुन्या फुलावर गेलेली माशी पाठीवरचा पराग अगदी योग्य जागी पुसते. पावसाची सर आली तर ती पिशवीतच दडून बसते. काही माश्या मात्र हा राजमार्ग सोडतात, शुंडिकेला बाहेरून दातांनी छिद्र पाडतात आणि पराग न वाहता मकरंद घेऊन जातात. तशी छिद्रे पडलेली फुले घाटीत जागोजागी दिसतात.

बम्बलबीला हे जमते ते तिच्या शरीरातील उष्णतेमुळे. उडण्याआधी ती पंख न हलवता उड्डाणाचे स्नायू थरथरवते आणि छातीचा भाग तीस अंशांच्या आसपास तापवते. अंगावरची लव ती ऊब धरून ठेवते. सातेरी पोळ्याबाहेर पडत नाही अशा गारठ्यातही, हवा पाच-सहा अंशांवर असताना, बम्बलबी कामाला लागलेली असते. विरळ हवेचाही तिला फारसा अडसर होत नाही. चीनच्या सिचुआन प्रांतात ३२५० मीटरवर पकडलेल्या बम्बलबी एका बंद पेटीत ठेवून मायकेल डिलन आणि रॉबर्ट डडली यांनी हवेचा दाब हळूहळू कमी केला, तेव्हा त्यांपैकी काही ९००० मीटरहून अधिक उंचीइतक्या विरळ हवेतही उडत राहिल्या. त्यांनी पंखांची गती वाढवली नाही, तर प्रत्येक फटकाऱ्याचा पल्ला वाढवला. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एवरेस्टच्या माथ्याइतक्या विरळ हवेत उडण्याची क्षमता असलेला कीटक प्रत्यक्षात तिथे का नसतो, याचे उत्तर थंडी आणि अन्नाचा अभाव यांत आहे.

अतिविष आणि बचनाग या आयुर्वेदातल्या नावांनी आपल्याला माहीत असलेल्या वनस्पती ज्या गणातल्या, त्याची टोपडेवजा फुले जवळजवळ पूर्णपणे बम्बलबीवर अवलंबून असतात. पेडिक्युलॅरिस या गणातील कित्येक जातींचेही तसेच आहे. त्यांच्या काही फुलांत मकरंद नसतोच. माशी फूल धरून स्नायूंचा गुणगुणता कंप देते आणि पराग तिच्या अंगावर झडतो. अशा वनस्पतींचे भवितव्य एकाच प्रकारच्या पाहुण्याशी बांधलेले असते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

हेमकुंडाच्या चढावर भोजपत्राची शेवटची झाडे मागे पडली की वृक्षरेषा संपते. इथून वर दृश्य पुन्हा बदलते. बम्बलबी अजून असते, पण ऊन गेले की तीही कमी होते, आणि फुलांवर सतत दिसतात त्या साध्या माश्या. त्यांत पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या, हवेत एका जागी तरंगणाऱ्या हॉव्हरफ्लाय असतात आणि घरमाशीच्या नात्यातल्या करड्या, केसाळ माश्याही असतात. माणसाला माशीविषयी आदर वाटत नाही, पण या उंचीवर तो वाटायला हवा. माशीला घरटे नसते. पिल्लांसाठी पराग साठवायचा नसतो. अळ्या ओल्या मातीत, सडणाऱ्या पाल्यात किंवा माव्यावर वाढतात. तिला स्वतःपुरते खायचे असते आणि ढग आले की ती फुलातच बसून राहू शकते. चिलीतील अँडीज पर्वतात मेरी कलिन अरोयो, रिचर्ड प्रिमॅक आणि हुआन आर्मेस्तो यांनी वेगवेगळ्या उंचीवरच्या फुलांचे परागवाहक नोंदवले होते. त्यांच्या १९८२ च्या अभ्यासातही खालच्या पट्ट्यात मधमाश्यांचे आणि सर्वांत वरच्या पट्ट्यात माश्या व फुलपाखरांचे महत्त्व अधिक दिसले. दोन खंडांतले, परस्परांशी काही संबंध नसलेले दोन पर्वत एकाच क्रमाची साक्ष देतात.

हेमकुंडाखालच्या दगडी पायऱ्यांशेजारी तिकडे वज्रदंती म्हणतात तिच्या, म्हणजे पोटेंटिला गणातली पिवळी, वाटीसारखी फुले दिसतात. सकाळी ढगांतून ऊन फाकले की त्या वाटीत एखादी करडी माशी येऊन बसते. ती मकरंद चाटते, मग अंग तिरपे करून उन्हाला देते आणि कितीतरी वेळ तिथेच राहते. तिच्या पायांवर पिवळे कण चिकटलेले साध्या भिंगातूनही दिसतात. उथळ, उघडी, पांढरी किंवा पिवळी फुले माश्यांना सोयीची असतात, कारण त्यांची सोंड आखूड असते. अशा फुलाच्या वाटीत ऊन साठून आतली हवा बाहेरपेक्षा थोडी उबदार राहते. रॉकी पर्वतातील बर्फ वितळताच उमलणारे एक पिवळे रानफूल तर दिवसभर सूर्याच्या दिशेने तोंड वळवत राहते. तिथे मकरंदाबरोबर ऊब हेही आमिष असते.

पाहुणा कधी येईल याची खात्री नसेल, तर फुलाला वाट पाहावी लागते. म्हणून उंचावरची फुले खालच्या फुलांपेक्षा अधिक दिवस ताजी राहतात, आणि झाडाच्या मानाने पुष्कळदा मोठी असतात. बोटभर झाडावर रुपयाएवढे फूल हे तिथले नेहमीचे दृश्य आहे. काही वनस्पतींनी पाहुण्यावाचून भागवण्याची तयारीही ठेवली आहे. त्या स्वतःच्याच परागावर बी धरतात, किंवा हिमालयापासून आर्क्टिकपर्यंत पसरलेल्या बिस्टोर्टा व्हिव्हिपारासारख्या, फुलांच्या दांड्यावरच खालच्या बाजूला लहान कंदिका तयार करतात, ज्या गळून पडून थेट नवे रोप होतात.

ब्रह्मकमळाचे जे पांढुरके-पिवळे, पातळ कागदासारखे आवरण आपण पाकळ्या समजतो, ती प्रत्यक्षात छदे, म्हणजे फुलांना झाकणारी पाने आहेत. खरी फुले आत, जांभळ्या गुच्छात दडलेली असतात. या आवरणाचा उद्देश समजून घ्यायला सिक्कीम आणि पूर्व हिमालयातील रियम नोबिले या वनस्पतीकडे पाहावे. चार हजार मीटरच्या वर, खुरट्या झुडपांमध्ये तिचा फिकट पिवळा, माणसाएवढाही होऊ शकणारा मनोरा दुरून उठून दिसतो. त्याच्या अर्धपारदर्शक छदांखाली ऊब राहते आणि पावसापासून व अतिनील किरणांपासून परागाचे रक्षण होते. संशोधकांनी छदे काढून टाकली, तेव्हा बी कमी धरले. तिचे परागीभवन करते ती एक चिमुकली बुरशीमाशी. ही माशी त्याच फुलांत अंडी घालते आणि तिच्या अळ्या काही बिया खाऊन वाढतात, पण उरलेल्या बिया त्या माशीमुळेच धरलेल्या असतात. झाड थोडे बी देते आणि त्या बदल्यात भरवशाचा पाहुणा मिळवते.

आपला सह्याद्री या मानाने बुटका आहे. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, कासचे पठार साधारण १२०० मीटर. कोकणातून कासला चढले तरी तापमानातला फरक सात-आठ अंशांचा, त्यामुळे सातेरी आणि आग्या दोघीही सड्यावरच्या तेरड्यापर्यंत आरामात पोहोचतात. बम्बलबी मात्र आपल्याकडे अजिबात नाही. भारतात ती हिमालयापुरती आहे, आणि मधल्या उष्ण मैदानांमुळे २६९५ मीटर उंचीच्या केरळमधील अनाईमुडीवरही ती नाही. म्हणून निळ्या कुरिंजीच्या बारा वर्षांनी येणाऱ्या बहरातही पठारे गाजवते ती सातेरीच. सड्यावर विविधता घडवणारा मुख्य घटक उंची नसून काळ आहे, असे मला वाटते: जांभ्या दगडावरच्या वितभर मातीत, जूनमध्ये पाणी साचण्यापासून ऑक्टोबरमध्ये ते आटण्यापर्यंत, गेंद, सीतेची आसवे, तेरडा, कवला, सोनकी असे थर एकामागून एक येतात, जसे हिमालयात ते एकावर एक येतात. माशीचे महत्त्व मात्र आपल्याकडेही आहे. सह्याद्रीतील कंदीलपुष्पांच्या नळीत खाली वळलेले केस असतात. वासाने आलेली चिमुकली माशी आत घसरते, केसांमुळे तिला परत फिरता येत नाही आणि ती तळाच्या फुगीर कोठीत अडकते. परागाची पुडी तिला चिकटते आणि केस सुकून मऊ पडल्यावर ती सुटते. कंदीलपुष्पांच्या कित्येक जाती फक्त सह्याद्रीतच आहेत आणि त्या वाचवायच्या तर या नगण्य वाटणाऱ्या माश्यांचाही विचार करावा लागेल.

हवा तापत आहे, तसे या साखळीचे दुवे वेगवेगळ्या गतीने हलत आहेत, ही माझ्या मनातली खरी काळजी आहे. खालच्या जातींना वर सरकायला जागा आहे, शिखराजवळच्या जातींना नाही. कोलोरॅडोच्या पर्वतांत, सुमारे २९०० मीटरवरच्या गॉथिक येथे, १९७० च्या दशकापासून फुले उमलण्याच्या तारखा लिहून ठेवल्या जात आहेत. तिथे असे दिसले की बर्फ लवकर वितळले की कळ्याही लवकर येतात आणि मग उशिराच्या दहिवराने त्या करपतात. म्हणजे उबदार वर्षात फुले उलट कमी मिळतात. त्याच राज्यातील उंच शिखरांवर निकोल मिलर-स्ट्रटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या संग्रहांतील आणि आजच्या बम्बलबींच्या जिभा मोजल्या. त्यांच्या २०१५ च्या अभ्यासात, लांब जिभेसाठी ओळखल्या जाणाऱ्या दोन जातींची जीभ सुमारे चाळीस वर्षांत आखूड झालेली आढळली. फुले विरळ झाल्यावर, खोल नळीच्या ठरावीक फुलांवर विसंबण्यापेक्षा मिळेल त्या फुलावर जाणाऱ्या माश्या टिकल्या. खोल नळीच्या फुलांकडे आता कोण जाणार, हा प्रश्न मागे उरला.

फुलांच्या घाटीत याहून जवळचे प्रश्न आहेत. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तिथली चराई थांबली आणि त्यानंतर पॉलिगोनम ही उंच वाढणारी वनस्पती मोठ्या क्षेत्रावर पसरली; वनखाते ती दरवर्षी उपटवते. तिच्या पांढऱ्या तुऱ्यांवर माश्यांची गर्दी असते, पण तिच्या सावलीत बुटकी फुले उगवत नाहीत, आणि एकाच तुऱ्यावर पोसलेली गर्दी म्हणजे विविधता नव्हे. हेमकुंडाच्या वाटेवर ब्रह्मकमळ देवाला वाहण्यासाठी तोडले जाते, आणि तोडलेले प्रत्येक फूल बी न धरताच संपते.

कासला, घाटीला किंवा आपल्या गावामागच्या डोंगरावर जाणाऱ्या मित्रांना माझी एक विनंती आहे. फुलाचा फोटो काढल्यावर लगेच पुढे न जाता दहा मिनिटे तिथेच थांबावे आणि वहीत उंची, वेळ, ऊन होते की ढग, आणि फुलावर कोण आले, एवढे लिहावे. जात ओळखता आली नाही तरी मधमाशी, बम्बलबी, माशी, फुलपाखरू, मुंगी एवढा भेद पुरे आहे. त्या दहा मिनिटांत कोणीच आले नाही, तर तेही लिहावे.